विनिफ्रेडबाईंचा हुंदका

विनिफ्रेडबाई,

तुमच्याविरुद्ध माझी पहिली तक्रार ओठांची आहे. तुम्ही 'नो' म्हणता आणि तोंड मिटून मोकळ्या होता. तेवढ्या जागेत मला 'हे माझ्याच्यानं व्हायचं नाही' कोंबावं लागतं. अठरा वर्षं केडगावहून एसटीनं पुण्याला जाऊन मी तुमच्या सिनेमांना मराठी आवाज दिला. लंडनची रंगभूमी तुम्ही गाजवलीत, पडद्यावरही नाव तुमचंच. माझं नाव अगदी शेवटी येतं, आणि तेवढ्यात चॅनलवाले जाहिरात लावतात.

आणि परवा पेपरात वाचलं की तुम्ही अभिनय सोडलात. वय झालं म्हणे. माझा घसा ठणठणीत आहे, पण मला विचारतंय कोण?

शेजारच्या रजियाभाभी धीर द्यायला आल्या. म्हणाल्या, "काम गेलं तर गेलं गं कुंदा. त्या पिच्चरमधी मेलेल्या पोराची खोली आवरताना तू लई रडली व्हतीस, ते केडगावात कुणी विसरायचं न्हाई."

बाई, माझी कीर्ती एवढीच. सात वर्षं जपलेली. पण त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी सतरा वेळा प्रयत्न करूनही मला हुंदका जमला नव्हता. शेवटी साउंडवाल्यानं वैतागून तुमचाच ठेवला.

चहा गाळता गाळता मी म्हटलं, "भाभी, ते रडणं माझं नव्हतं. त्या बाईचंच होतं."

तेव्हा तुमचा हुंदका तुम्हाला परत, बाई.

ओठांची तक्रार मात्र मी मागे घेतलेली नाही.

कुंदा,
केडगाव