पाणी उतरलं, व्याही अडकले

बर्ग्स लँडिंग, २४ जुलै

तीर्थरूप सेल्मरदादास,

धाकट्या आर्लनचा वाकून नमस्कार (अर्धाच वाकून, पूर्ण वाकलो की उठवायला मर्नाला हाक मारावी लागते).

तुझे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाची कोरडी हवा मानवली म्हणालास, पण फोनवर तू दोनदा खोकलास, ते मर्नाने मोजलं. आम्ही इथे खुशाल आहोत. मर्ना बरी आहे आणि कालपासून माझ्याशी बोलतेही. आपली मिसिसिपी यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात जी बागेत शिरली ती सहा आठवडे हललीच नाही. बाकांवर कासवं बसायची. पाद्रीबाबांनी पाणी उतरावं म्हणून दोन रविवार प्रार्थना केली, आणि मीही केली. पण पुढे जे झालं ते पाहता निदान मी तरी गप्प बसायला हवं होतं.

आमच्या लेकीचं, सिग्नेचं, लग्न ठरल्याचं तुला कळवलंच आहे. मुलगा गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याचे वडील, म्हणजे आपले व्याही लॉवेल रीनहोल्ट, उत्तरेकडच्या तळ्यांच्या मुलखातले. जन्मभर ट्रॅक्टरचे सुटे भाग विकले आणि उरलेला वेळ वॉलाय मासे धरले. रविवारी जेवायला या म्हणून मी फोन केला, तर हा गृहस्थ गोड आवाजात म्हणतो, "नदीतला वॉलाय जरा मातकटच लागतो, नाही का हो? आम्ही येताना आमच्या तळ्यातलेच बर्फात घालून आणतो." दादा, वधूपिता झाल्यापासून मी बरंच गिळायला शिकलोय. पाहुणे किती, केक कुठला, सगळं गिळलं. पण नदीवर आलेलं मला गिळवेना. मी म्हटलं, "तुम्ही काही आणू नका. रविवारी ताटात नदीतलाच वॉलाय असेल." फोन ठेवला तर मर्ना पिठाच्या हातांनी माझ्याकडे पाहत उभी. तू तिला ओळखतोस.

पाणी मंगळवारी उतरायला लागलं, रोज वीतभर. आता, पाणी चढलं की मासा बुडालेल्या विलोंच्या झाडीत पांगतो एवढं मलाही माहीत आहे, म्हणून मी झाडीत गेलो. मिळालं काय? तीन टाकाऊ शीपहेड मासे, एक कॅटफिश आणि कुणाच्या तरी अंगणातली खुर्ची (चांगली आहे, मी व्हरांड्यात ठेवली). बुधवारी पाण्याखालच्या दगडी बांधांवर गेलो. तिथे धार अशी की पाच गळ दगडांना वाहून घरी आलो. गुरुवारचं लिहीत नाही. चाळीस वर्षं तू बोट दाखवायचास आणि मी होडी वळवायचो. त्याला मी इतके दिवस नदीची माहिती समजत होतो.

शुक्रवारी गांडुळं आणायला डोलोरेसच्या दुकानात गेलो. (तिने अजून ती हिरवी टोपी सोडलेली नाही.) माझं तोंड बघूनच ती म्हणाली, "आर्लन, पाणी झाडीतून निघालंय, मग मासा काय तुझी वाट बघत झाडीत बसणार? नदीच्या आडफाट्यात साचलेलं सगळं पाणी त्याच्या तोंडातून पुन्हा नदीत येतंय. बारके मासे त्या धारेबरोबर बाहेर पडतायत आणि वॉलाय बाहेर कडेला तोंड उघडून उभा आहे. तूही तोंडाशी उभा राहा. पोटात शिरू नकोस." मी मान डोलावली. मला सगळं समजलं होतं, हे मुद्दाम सांगतो.

मंडळी एक दिवस आधी, शनिवारीच आली. लॉवेल इस्त्रीच्या शर्टात, हातात गळकाठी, आणि मला म्हणतो, "चला, दाखवा तुमची नदी." माझ्या होडीचं इंजिन दुरुस्तीला गेलेलं, म्हणून शेडमधली होडी काढली. (हो, तुझीच. पुढे वाच.) फाट्याच्या तोंडाशी पोचलो. तिथलं पाणी कॉफीच्या रंगाचं, वर फेस आणि काटक्या. लॉवेलने नाक वर केलं. (तोवर मला आडनावानेच हाक मारायचा.) "इथे? अहो टॉफ्टे, हे तर गटार वाहतंय." खरं सांगतो दादा, मला लाज वाटली. मी म्हटलं, "छे छे, इथे कोण थांबतंय? आमची खास जागा आत आहे." आणि शिरलो पोटात.

आत छान सावली होती. आम्ही सँडविच खाल्ले, आणि तळं बरं की नदी यावर एकमेकांचं डोकंही खाल्लं. मग लॉवेल काठाकडे बोट करून म्हणाला, "अहो टॉफ्टे, ते झाड मघाशी पाण्यात होतं ना?" मी वळून पाहतो तर झाड कोरडं, आमच्या मागची वाट म्हणजे चकचकीत चिखल, आणि होडी हळूच एका कुशीवर कललेली. इंजिन सुरू केलं तर पंख्याने चिखल उचलला आणि त्या इस्त्रीच्या शर्टावर नेमका मारला. माझा फोन घरी टेबलावर. त्याने आपला काढला, तो हातातून निसटला आणि बेडकासारखा डुबुक करून गेला. मग तो ढकलायला उतरला, मांडीपर्यंत रुतला, एक बूट तिथेच राहिला.

"आमचं तळं साठ वर्षं एका जागी आहे!" तो ओरडला. "माणसाला बसवून निघून जात नाही!"

"मग तळ्यावरच बसायचं होतंस!" मी म्हटलं. मांडीभर चिखलात अहो-जाहो टिकत नाही.

"बसलोच असतो! पण तुझ्या पोरीने माझा पोरगा इकडे ओढलाय. नोकरीसुद्धा इथेच घेतली त्याने. आता माझ्या होडीत पुढे कोण बसणार, सांग?"

दादा, मी डास मारायचा थांबलो. म्हटलं, "माझा भाऊ ॲरिझोनाला गेला. तीन वर्षं झाली. मीही मागे बसून एकटाच होडी चालवतो." त्याने गालावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "डावा हात दे, बाहेर ओढतो." खरं म्हणजे रुतला होता तो, पण मी हात दिला.

होडी तिथेच सोडून, गळकाठ्या आणि गांडुळांचा डबा घेऊन आम्ही चिखल तुडवत पुन्हा तोंडाशी आलो. पाव मैलाला दीड तास लागला. कुणाची होडी दिसेल म्हणून ओंडक्यावर बसलो आणि रिकामं काय बसायचं म्हणून त्या गटारात गळ टाकले, जिथे कॉफीचं पाणी नदीच्या हिरव्या पाण्याला भिडतं तिथे. दुसऱ्याच फेकीला काठी वाकली. वर आला तो सोनेरी अंगाचा, काचेच्या गोटीसारख्या डोळ्यांचा वॉलाय, हातभर लांब! तासाभरात आम्ही पाच धरले. एक लहान होता, तो सोडून दिला. लॉवेल एका बुटावर नाचत होता, आणि तेवढ्यात मर्नाने पाठवलेली डोलोरेस होडी घेऊन आली. आमचे अवतार, कोरड्या फाट्यातल्या आमच्या पाऊलखुणा आणि मासे, सगळं तिने शांतपणे पाहिलं. "तोंडाशी म्हणाले होते मी," एवढंच बोलली.

रविवारी मर्नाने मासे बिस्किटांच्या चुऱ्यात घोळवून लोण्यात तळले. सोबत उकडलेले बटाटे, मक्याची कणसं, सायीतली काकडी. लॉवेलने चार तुकडे खाल्ले. सगळ्यांचे काटे-चमचे थांबले होते. मग तोंड पुसून म्हणाला, "मातकट नाही." आणि जरा थांबून, "अरे आर्लन, तो बटाटा सरकव." ते "अरे" ऐकून विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

वहिनीच्या फोटोला आमचा नमस्कार सांग. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा,
आर्लन

ता. क. तुझी होडी सुखरूप आहे. म्हणजे आहे तिथेच आहे. पाणी तिच्यापासून आता चाळीस पावलांवर आहे आणि तिच्यावर एक बगळा बसतो. इंजिन मी पुन्हा सुरू करून पाहिलेलं नाही, त्यामुळे ते बिघडलं असं कुणालाच म्हणता येणार नाही.

ता. क. २. मर्नाने पत्र वाचलं. म्हणते, "एवढी पानं भरलीस, मुद्दा कुठाय?" मुद्दा असा. लग्न तेरा सप्टेंबरला आहे. आपले व्याही (म्हणजे मी) नदीचे जाणकार आहेत असं लॉवेलने आपल्या नऊ नातेवाइकांना सांगितलंय आणि ते सगळे गळकाठ्या घेऊन येणार आहेत. सप्टेंबरात मासा कुठे असतो? पत्राने कळवू नकोस, मला कळणार नाही. ऑगस्ट संपायच्या आत तूच ये.

ता. क. ३. वर "आम्ही पाच धरले" असं लिहिलंय. पाचही लॉवेलने धरले. ओंडका एक, गांडुळं एकाच डब्यातली, पण माझ्या गळाला काही लागेना. असं कसं, म्हणून तो विचारत होता. मी म्हटलं, थांब, माझा भाऊ येऊ दे.