वाढत्या मापाचं झबलं

धुळे,
दि. ९ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. कामिनीस,
प्रमिलाअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडची खुशाली कळवत जा.

हितेंद्रनं ट्रकवाल्याबरोबर पाठवलेलं जुन्या कपड्यांचं गाठोडं काल मिळालं. माझा भाऊ केळीच्या घडांना जपून पाला लावतो आणि बहिणीचं गाठोडं मात्र अर्धवट बांधतो, हे त्याला मोठ्यानं वाचून दाखव. आपल्या नवीनच्या पँटी गुडघ्यावर गेलेल्या असतात, तरी खपतात. गल्लीतल्या बायकांना सांग, कपडे देताना बटणं कापून ठेवू नका. फोन मात्र करू नकोस. कानातल्या मशीनमधून नुसती खरखर येते, आपलं पत्रच बरं.

एक चांगली गोष्ट सांगते. आमच्या समोर दिपमाला राहते. तिची दोन लेकरं पाचवी पूजायच्या आतच गेली. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आलेत. बाळाला पहिलं कापड नवं घालायचं नाही, ज्या घरात लेकरं जगली-वाढली तिथलं जुनं घालायचं, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. माझ्याकडे निम्म्या बाया त्याचसाठी येतात. दिपमालेनं सगळं गाठोडं उपसलं आणि तुझ्याकडचं पिवळं झबलं उचललं, लाल गोटाचं. कोणाचं म्हणून विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, माझ्या भाच्याचं, नऊ वर्षांचा आहे आणि झाडावरून खाली उतरत नाही. तिनं ते बराच वेळ उलटंपालटं करून पाहिलं आणि घेऊन गेली.

आईला नमस्कार. आठवण ठेवतेस तशीच ठेव.
तुझी,
प्रमिलाअक्का


फैजपूर,
दि. १९ नोव्हेंबर २०२३

ती. अक्कांस,
कामिनीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र यांना वाचून दाखवलं. म्हणाले, पुढचं गाठोडं अक्का स्वतः येऊन बांधून नेतील. आईंचे गुडघे थंडीनं धरलेत, बाकी बऱ्या आहेत.

अक्का, ते पिवळं झबलं दिपमालेकडून परत घ्या. तुमच्या पाया पडते. ते नवीनचं नाही. भाविकाचं आहे.

तुम्ही दहाव्याला आलात तेव्हा तिचं सगळं तापीत सोडून झालं होतं. हे एक मी काढून ठेवलं होतं, माझ्या हातानं शिवलेलं म्हणून. चार वर्षं पेटीत तळाशी होतं. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत आईंच्या हाती लागलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त संध्याकाळच्या आत नदीवर जाऊ दे म्हणाल्या. माझ्यानं पाण्यात टाकवलं नाही. नवीनच्या शर्टांच्या घडीत घातलं आणि गाठोडं बांधून टाकलं. वाटलं, कुठल्या तरी चालत्या-फिरत्या पोराच्या अंगावर राहील, निदान अंगावर तरी राहील. कोणी पहिलं कापड म्हणून नेईल हे डोक्यातच आलं नाही. माझी पोर सात महिने नऊ दिवस जगली, दोन दिवसांच्या तापात गेली. तिचं कापड त्या घरात नको. काहीतरी सांगा, पण परत आणा.

या वेड्या भावजयीला टाकू नका.
आपली,
कामिनी


धुळे,
दि. ३० नोव्हेंबर २०२३

चि. सौ. कामिनीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं तेव्हा उशीर झाला होता. दिपमाला रविवारी पहाटे मोकळी झाली. मुलगी आहे. पुसून घेतल्याबरोबर तेच झबलं घातलं.

मी तुझ्यावर फार चिडले आहे, आणि लपवत नाही. तुला पाण्यात टाकवत नव्हतं तर तिथल्या तिथं मला चिठ्ठी लिहायची. मी पेटीत ठेवलं असतं, कोणाला दिसलं नसतं. मी या बायांना शब्द देते, कामिनी. त्या शब्दावरच माझ्या ओट्यावर येऊन बसतात. आज तिच्या घरी पाचवी आहे. मला बोलावणं आलंय आणि पायात चपला घालवत नाहीत.

झबलं रोज धुऊन समोरच्या दोरीवर वाळत घालतात. माझ्या खिडकीतून दिसतं. दोरीवर पिवळं दिसलं की बाळ आहे, एवढंच मला कळतं. तुला लिहायला नको, तरी लिहिते, एकटीनं हे पेलवत नाही.

राग माझा, माया तुझीच.
प्रमिलाअक्का


फैजपूर,
दि. १८ जानेवारी २०२४

ती. अक्कांस,
सा. नमस्कार.

तुमचा राग मला पोचतो, पण पत्र थांबवू नका.

पेटी रिकामी झाली तसं घर जड झालंय. पूर्वी मला ठाऊक होतं ती कुठे आहे. पेटीत, तळाशी, हात घातला की लागायची. आता ती कुठेतरी धुळ्यात आहे आणि तिला कोणी न्हाऊ घालतंय, पाजतंय, असं वाटत राहतं. भाकरी थापताना हात थांबतात. परवा नवीननं विचारलं, आई तू आत कोणाशी बोलत होतीस. मी म्हणाले, कोणाशी नाही. मला खरंच ठाऊक नव्हतं की मी बोलत होते.

भिंतीवरच्या केळी मंडळाच्या कॅलेंडरवर मी पाच जुलैच्या तारखेला खूण केली आहे. त्या दिवशी दिपमालेची पोर सात महिने नऊ दिवसांची होईल. यांनी खूण बघितली, विचारलं नाही. अक्का, तिला खरं सांगून टाका. मला वाईट म्हणू दे, पण झबलं काढू दे.

आपला आधार आहे म्हणून लिहिते.
कामिनी


धुळे,
दि. ५ मार्च २०२४

चि. सौ. कामिनीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. नीट वाच.

रविवारी दोरीवर झबलं नव्हतं. सोमवारीही नाही. तशीच रस्ता ओलांडून गेले, दार लोटलं, तर पोर झबल्यात, चटईवर पालथी पडून मान उचलत होती. नळाला दोन दिवस पाणी नव्हतं म्हणून धुतलं नव्हतं. मी खाली बसले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. तुझं नाव, भाविकाचं नाव, सगळं.

दिपमाला उठली नाही की ओरडली नाही. माले बठ्ठं माहीत शे, म्हणाली, सगळं, पहिल्या दिवसापासून. झबल्याच्या घेराला आतून चार बोटांची दुमड घातलेली आहे, वाढत्या मापाची. ज्या घरात लेकरू वाढतं तिथं ती उसवलेली असते, जुन्या टाक्यांच्या खुणा राहतात. ही न उसवता तशीच होती. मी इतकी वर्षं हेच काम करते आणि माझ्या डोळ्यांना दिसलं नाही, तिला दिसलं. तिनं तिच्या दोघांची तशीच दुमडलेली झबली पांझरा नदीत सोडली आहेत.

मग का घेतलंस, म्हणून मी विचारलं. तिनं सांगितलं ते माझ्या अंगावर आलं. म्हणाली, जिची लेकरं वाढली ती कापड देऊन विसरून जाते. जिचं गेलं ती या झबल्यामागे जागी राहील, दिवस मोजत राहील. दिपमालेला आपल्या पोरीवर आणखी एका आईची राखण हवी होती.

तू मोजत होतीस, हे मी तिला सांगितलं नव्हतं गं.
तुझ्यावर जीव असलेली,
अक्का


फैजपूर,
दि. २ एप्रिल २०२४

ती. अक्कांस,
सा. नमस्कार.

पोर पालथी पडली हे वाचलं आणि छाती दुधानं भरल्यासारखी दाटून आली. चार वर्षांनी. पदर ओला झालाय की काय म्हणून चाचपून पाहिलं. मी फार घाबरले, अक्का. मग आईंना सगळं सांगितलं, नदीवर गेले नव्हते तेही. आता रोज सकाळी चहा हातात घेताना त्याच मला विचारतात, आज किती दिवस झाले.

दिपमालेला सांगा, मी जागी आहे. ती म्हणाली ते मला पटलंय आणि भीतीही वाटते. राखणीतच माझी एक गेली होती.

माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
कामिनी


धुळे,
दि. ९ जुलै २०२४

चि. सौ. कामिनीस,
आईला नमस्कार, नवीनला पापा, तुला आशीर्वाद.

पाच तारीख गेली. सहा, सात, आठही गेल्या. पोर बसते, माझ्या कानातलं मशीन ओढते. तू आणि आईनं आता जरा झोपावं.

झबलं तिला आखूड झालं आहे. मी गाठोड्यातली चार मोठी झबली समोर मांडली, दिपमाला एकाला हात लावेना. सकाळी पिवळं घेऊन आली, दुमड उसवायची म्हणते. पण ब्लेडच्या पात्याला हात लावला नाही. शिवणाऱ्या आईला विचारल्याशिवाय उसवणार नाही म्हणाली. नको म्हणाली तर धुऊन, घडी करून परत पाठवते, काही राग नाही. झबलं माझ्याजवळ ठेवून गेली आहे.

तुला काय वाटेल ते मला कळत नाही, म्हणून काहीच सुचवत नाही. सावकाश लिही.

तुझीच,
अक्का


फैजपूर,
दि. १६ जुलै २०२४

ती. अक्कांस,
कामिनीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र येऊन चार दिवस झाले. दोनदा परत पाठवा असं लिहिलं आणि फाडलं. ते घडी होऊन आलं असतं तर पेटीत ठेवलं असतं, आणि भाविका पुन्हा सात महिने नऊ दिवसांचीच राहिली असती, मी मरेपर्यंत. मला तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू. आईंना विचारलं तर म्हणाल्या, शिवलं तू, सांगायचंही तूच.

दुमडीला धावदोरा नाही, दुहेरी टीप आहे. पातं चालवलं तर कापड फाटेल. दिव्याखाली घेऊन सुईनं एकेक टाका काढायला सांगा. आतला पट्टा बाहेरच्यापेक्षा गडद निघेल, त्याला ऊन लागलेलं नाही. दिपमालेला तो वेगळा दिसेल. दिसू दे.

ती दुमड घातली तेव्हा भाविका माझ्या मांडीवर होती. पोर दिवाळीपर्यंत वाढेल म्हणून मी ती उसवायलाच घातली होती.

उसवा, अक्का.

कामिनी