बर्फातली बाटली

दांडी, १२ मे १९८८

ती. आईस दांडीहून सुगंधाचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत. घरात फ्रीज नाही, म्हणून शेजारच्या तानीनं माझं इन्सुलिन मायेनं मासळीच्या बर्फात ठेवलं. "बर्फात काय बिघडत नाय," म्हणाली. ते गोठून वाया गेलं अन् एक दिवस सुई चुकली. घाबरू नकोस, यांनी नवी बाटली आणलीय.

बोईसरचे डॉक्टर सांगत होते, परदेशात स्वादुपिंडच दुसरं बसवतात. मग साखर आपोआप ताब्यात राहते, सुई सुटते, किडन्याही वाचतात. आपल्याकडं कधी होईल, ते त्यांनाही ठाऊक नाही. साखरेनं गेलेली नजर परत येते का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? अक्षर मोठं काढलंय, ते तुला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून.

तुझीच,
सुगंधा