दारावरची तिरकी अक्षरं

४ सप्टेंबर

आज बिरॉक केले, कोबी आणि मांस भरलेले पाव. कोबी चिरताना ते वर्ष आठवलं — रोझान पोटात होती. क्लेम ओमाहाला गुरं पोचवून आला आणि ट्रकच्या पायरीवरच बसून राहिला. घरात यायचंही त्राण नव्हतं. मग मीच ताट बाहेर नेलं. पाव फोडला की मांसाची वाफ, आणि मागून गुरांचा वास. तो म्हणाला, "एक दिवस ट्रकमागे गुरं नाही, घर जोडीन. तुला समुद्र दाखवीन."

मी म्हटलं, "आधी हात धू."

छत्तीस वर्षं मी त्याला हेच म्हणत आले की काय.

बिरॉक बारा झाले. सवयीने. क्लेमला जाऊन सहा आठवडे झाले.

६ सप्टेंबर

ट्रक अंगणात उभा आहे, मागे जोडलेला कॅम्पर, चाकांवरचं घर. निवृत्त होताना त्याने रोज चालवायचा तोच ट्रक मालकाकडून विकत घेतला. मेमध्ये निघायचं होतं, ओरेगॉनच्या किनाऱ्याला.

मी अडवलं. फेब्रुवारीत. ट्रकची नोंद अजून मालवाहू म्हणून होती. तसाच नेला तर प्रत्येक वजनकाट्यावर थांबा, गाडी चालवल्याच्या तासांची वही भरा, अवजड गाडीचा मोठा परवाना दाखवा.

"दोन म्हाताऱ्यांना कोण अडवतंय?"

"कागद बदलल्याशिवाय मी त्यात बसणार नाही." वर शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टांचं वाक्यही ऐकवलं — अर्धं खरं म्हणजे पुरतं खोटं.

तो मग मार्चमध्ये एके दिवशी म्हणाला, "बरं, सिस्टर अल्वीना. होऊ दे तुझ्या मनासारखं." मला वाटलं, मी जिंकले.

७ सप्टेंबर

नोंदणी कचेरीतल्या बाईंनी तेव्हा नीट समजावलं होतं. ट्रकमध्ये राहण्याच्या सहा सोयींपैकी चार कायमच्या बसवलेल्या हव्यात. मग त्याची घर-गाडी म्हणून नोंद होते. चालवणाऱ्याला मोठा परवाना लागत नाही, साधा पुरतो. मागच्या कॅम्परचे ब्रेक ट्रकमधून लागले पाहिजेत. दोघांची मिळून लांबी पासष्ट फुटांच्या आत.

क्लेमने शेगडी बसवली, फ्रिज, हीटर. तपासनीस आला. नळ होता, पाण्याची टाकी नव्हती. "चार आठवड्यांनी पुन्हा येतो." मग त्याची रजा. मग चार जुलै, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी.

कागद पंचवीस जुलैला आले. क्लेम तेवीसला गेला. टोमॅटोच्या वाफ्यात, गुडघ्यांवर.

दोन दिवस!

११ सप्टेंबर

ट्रकच्या दारावरच्या अक्षरांकडे बघवत नाही.

एप्रिलमध्ये जुन्या मालकाचं नाव खरवडून तिथे "खासगी. भाड्याने नाही" असं लिहावं, हाही माझाच हट्ट. त्याने ब्रश घेतला. अक्षरं डावीकडून निघाली ती उतरणीला लागली. मी म्हटलं, "पहिलीतली पोरंही याहून सरळ लिहितात." पुन्हा खरवडायला लावलं. दुसऱ्यांदा जास्तच तिरकी.

त्याने ब्रश धुतला, बराच वेळ.

१५ सप्टेंबर

रोझानचा फोन. "आई, विकून टाक. तू थोडीच चालवणार आहेस ते धूड?" शेजारचा फर्ड घेईन म्हणतो. शनिवारी येतोय. तो आणि क्लेम तीस वर्षं एकाच मालकाकडे ड्रायव्हर होते. गेला तर निदान ओळखीच्या दारात जाईल.

२० सप्टेंबर

फर्ड आला. चढला, बसला, आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले.

"क्लेमचे पाय कापले होते की काय? सीट बघ कुठे आणलीय."

पार पुढे, आणि वर उचललेली. क्लेम सहा फूट दोन इंच! फर्ड खाली वाकला. क्लचच्या पेडलवर लाकडी ठोकळा होता. ब्रेकवरही. वरून जुन्या पट्ट्याचं रबर ठोकलेलं, पाय घसरू नये म्हणून.

फर्डने माझ्या बुटांकडे पाहिलं. "अल्वीना, तुझी उंची किती गं?"

"पाच फूट एक."

तो सावकाश उतरला. टोपी काढली. "मी हा घेत नाही."

तो गेल्यावर मी वर चढले. काचेवरच्या उन्हाच्या झडपेमागे डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र होतं. तारीख तीन मार्च. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजवा त्याच वाटेवर. गाडी चालवू नये.

२१ सप्टेंबर

रविवारी चर्चला, मिसाला जाताना मार्चपासून मीच गाडी चालवत होते. "तू चालव, मला झोप येते." मी त्याला आळशी म्हटलं.

एप्रिलमध्ये त्याने विचारलं होतं, "परवाना आहे ना गं तुझा अजून?" मला वाटलं, टोमणा. लग्नाआधी बाबांच्या शेतावर मी सात सुगीचे हंगाम गव्हाचा ट्रक चालवला, ते तो विसरला नव्हता. मी विसरले होते.

जुन्या कागदांवर मला त्या ट्रकला हात लावता आला नसता. नव्या कागदांवर येतो. शेगडी, टाकी, ते सगळं त्यासाठी. आणि मी जिंकले म्हणून मिरवत होते.

सांगितलं का नाही त्याने? उत्तर मला माहीत आहे. सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी सगळ्या किल्ल्या काढून घेतल्या असत्या. वर एक सुविचार. तो मला घाबरत होता — हे आता कुणाजवळ कबूल करू?

३ ऑक्टोबर

कपडे वाळत घालायच्या दोरीने मोजलं. ट्रक आणि कॅम्पर मिळून त्रेसष्ट फूट.

१४ ऑक्टोबर

कोंबड्या रोझानकडे. लाल कोंबडी चोचते, जपून. क्लेमची हत्यारं फर्डला, आणि फ्रीझरमधले बिरॉकही. दोन आठवडे आपल्या कापलेल्या शेतात माझ्या शेजारी बसून फर्डने मला रिव्हर्स शिकवलं, एकदाही ओरडला नाही. घराची किल्ली फादरांकडे. माझी शाळेची जपमाळ नातीला, मोठी झाल्यावर. सिस्टरांचं वाक्य तिला कुणी शिकवू नये.

ट्रक कुणालाही नाही. उद्या सकाळी मी निघते, समुद्राकडे.

मी परत आले नाही, तर कॅम्पर रोझानने ठेवावा. पण ट्रकच्या दारावरची अक्षरं कुणी सरळ करायची नाहीत.