सुमिए दोनदा पडली

१२ मे

सुमिए पडली! दुसऱ्या फेरीत, वळणावर. ठेच नाही, पाय मुरगळला नाही — दोरीवरची चादर घसरावी तशी खाली गेली. मी नेहमीसारखी मागेच होते. पोचेपर्यंत तिने डोळे उघडले होते. म्हणते, "बुटाची नाडी गं." नाडी घट्ट बांधलेली होती.

हिरोताकासान गेटाच्या कुलपाशी झटापट करत होते, ते धावत आले. आमच्या म्हाताऱ्यांच्या क्लबचे प्रमुख, एक्याऐंशी वर्षांचे, अजून गोळा फेकतात. सुमिएने आम्हा दोघांना दम भरला — "चिनात्सुच्या कानावर घालाल तर याद राखा! पोरगी ओकायामाहून येईल आणि मला घरात कोंडून ठेवील." आम्ही माना डोलावल्या.

१३ मे

काल एक गोष्ट लिहिली नाही.

ती पडली तेव्हा आधी मनात आलं — या वेळी स्पर्धेत मी पहिली. आणि मग मी तिच्याकडे धावले. आधी ते. मग हे.

१९ मे

पळतेय! जणू काही झालंच नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई! मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान, तरी इतकी वर्षं तिची पाठच बघतेय. हे गेल्यावर मी सलून बंद करून नुसती बसून असायचे, तेव्हा हीच मला हाताला धरून मैदानावर घेऊन आली. तिचं तोफूचं दुकान होतं. पहाटे उठायची सवय, तीच पळण्यात आली म्हणते. आठशे मीटरला आमच्या वयोगटात तिच्या तोडीची बाई सगळ्या जिल्ह्यात नाही. पेपरात तिचा फोटो येतो. गेल्या वर्षीच्या फोटोत माझं कोपर आलंय.

आज मला मागे टाकून उलटी वळली, उलटी पळत म्हणाली, "ये गं म्हातारे, चहा गार होतोय!" मी हसले.

२ जून

चिनात्सुला फोन केला.

घसा खाकरून सुरुवात केली — काळजी वाटते म्हणून सांगते हो, माझं नाव घेऊ नकोस. ती म्हणाली, "मावशी, एकदा पडली तर पडली, आई धडपडीच आहे." हसत होती. आणि माझ्या तोंडातून गेलं — "एकदा नाही. दोनदा."

ती हसायची थांबली.

का म्हणाले मी तसं? काळजी होती. खरंच होती. पण काळजीपोटी खोटं बोलायला नको होतं. या महिनाअखेर जिल्ह्याची स्पर्धा आहे. लिहिलं. आता पान उलटते.

८ जून

चिनात्सु आली, आईचे पळायचे बूट गाडीच्या डिकीत टाकले, आईला पुढच्या सीटवर टाकलं आणि मात्सुएच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सुमिएचा फोन — नुसता जाळ! "एकदाच पडले, एकदाच पडले, म्हणून घसा कोरडा केला मी. पण डॉक्टर लेकीचं ऐकतो! छातीला ठोके मोजायचं यंत्र चिकटवलंय, आंघोळ करतानाही जपायचं. पळणं बंद. आणि चुगली कुणी केली सांगू? त्या हिरोताकाने! एकाचे दोन करून सांगितले मेल्याने."

मी म्हणाले, "असेल."

असेल!

१५ जून

हिरोताकासान दारात उभे. हातात स्वतःच्या परसातल्या काकड्या. आत आले नाहीत. "तोकिएसान, मी काय केलंय हो? रस्त्यात भेटली, तोंड फिरवून पलीकडे गेली. चाळीस वर्षं तिच्याकडून तोफू घेतला मी." मी म्हणाले, आजारपणामुळे चिडचिड होत असेल. त्यांना पटलं. म्हणाले, "तुम्ही तिच्या जवळच्या, तुम्ही जरा समजवा तिला."

काकड्या मिठात घातल्या. खाववत नाहीत.

२९ जून

पहिली आले. सुवर्णपदक.

सुमिए प्रेक्षकांत होती, मोठी टोपी घालून, शर्टाखाली ते यंत्र. आदल्या दिवशी येऊन मला सांगून गेली होती — "दुसऱ्या फेरीत मागे बघायचं नाही. मागे कोणी नाहीच असं धरून चालायचं." शेवटच्या सरळ पट्ट्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर — "हात! अगं हात हलव! झोपलीस काय!" घसा बसला तिचा माझ्यासाठी ओरडून. रेषा ओलांडली तेव्हा क्षणभर असं वाटलं की मी हवेत आहे. क्षणभर. मग ती दिसली, टोपी हलवत, माझ्याहून जास्त आनंदात.

पेपरवाल्याने फोटो काढला. म्हणाला, हसा ना आजी.

२४ जुलै

चिनात्सु आली होती. मांजू मिठाईचा खोका पुढे ठेवला आणि कपाळ चटईला टेकवून वाकली. मी घाबरले — म्हटलं, गेली की काय सुमिए!

गेली नाही. यंत्रात सापडलं — तिचं हृदय मधूनच थांबतं. थांबतं आणि पुन्हा चालू होतं. एखाद्या दिवशी चालू झालं नसतं. मंगळवारी पेसमेकर बसवला, आता शुद्धीवर आहे, हॉस्पिटलच्या मिसोसूपला नावं ठेवतेय. चिनात्सु रडत म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, एकदाच पडल्या असत्या तर पाणी जास्त प्या सांगून घरी पाठवलं असतं. दोनदा म्हणालात म्हणून यंत्र लावलं. मावशी, तुम्ही सांगितलं नसतंत तर..."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काय करणार? तिच्या आईला वाचवलं म्हणून माझ्यापुढे वाकली होती पोर. आणि मी ते आभार घेतले!

२ ऑगस्ट

आधी हिरोताकासानकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी कानातलं मशीन काढून पुसलं, परत घातलं. "म्हणजे दोन महिने मी फुकटचा चोर!" मग — "मी तिला सांगणार नाही. ते तुमचं काम आहे." चहा मात्र दिला.

९ ऑगस्ट

सांगितलं.

ती ओसरीवर बसून सोयाबीनच्या शेंगा खुडत होती. अंगावरून मांस उतरलंय, डोळे तेच. मी काही गाळलं नाही — फोन, दोनदा, हिरोताकासान, आणि ती पडली तेव्हा आधी काय मनात आलं तेही. ती खुडतच राहिली.

"आणि जिंकून कसं वाटलं?"

"वाईट."

"खोटं."

"...आधी छान वाटलं. खूप छान. मग वाईट."

"हं. आत्ता खरं बोललीस." शेंगा बाजूला सारल्या. "माझा जीव वाचला म्हणून तुला सोडून देऊ? तू काही माझा जीव वाचवायला फोन केला नव्हतास. तुला माझी जागा हवी होती. सरळ मागितली असतीस तरी दिली नसती — पण निदान भांडलो असतो!" आवाज चढला, मग तिनेच छातीवर हात ठेवून खाली आणला. "आता घरी जा, तोकिए."

गेले. चहा विचारला नाही तिने.

१४ ऑगस्ट

ओबोन, पितरांचे दिवस. यांच्या थडग्यावर पाणी घातलं, शेवाळ घासलं. यांना काही सांगितलं नाही. हे म्हणाले असते, "तुझं नेहमीचंच" — म्हणून.

६ सप्टेंबर

सुमिए मैदानावर आली! डॉक्टरांनी हळूहळू पळायला परवानगी दिलीय. चिनात्सुने बूट परत केले — रडून, भांडून, शेवटी केले. सुमिएने हिरोताकासानपुढे तोफूचा डबा ठेवून कंबरेत वाकून माफी मागितली. ते लाजून गोळाच शोधायला लागले, गोळा हातातच होता!

माझ्याकडे पाहिलं नाही. मी या बाजूला, ती त्या बाजूला. केस दुसरीकडून कापून आलीय. इतकी वर्षं माझ्याकडेच कापायची. मागून वाकडे कापलेत.

१२ ऑक्टोबर

विभागीय स्पर्धा. सुमिएचं नाव होतं. माझंही.

मी ठरवून गेले होते — मागे राहायचं. तेवढं तरी तिला द्यायचं. सुरुवातीच्या रेषेवर ती शेजारी आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलली — "मुद्दाम मागे राहिलीस तर तुझं तोंड बघणार नाही."

म्हणून पळाले. जीव काढून पळाले. शेवटच्या वळणावर ती माझ्या खांद्याशी, तिचा श्वास माझ्या कानात, मी पुढे, ती पुढे, पुन्हा मी — आणि आम्हा दोघींच्या बाहेरून एक बाई सुसाट निघून गेली! मात्सुएची, नुकतीच पंच्याहत्तरीची झालेली, आमच्या गटात पहिल्यांदाच. सुमिए दुसरी, मी तिसरी.

सुमिए गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. "ही पोरगी कोण गं?" मला हसू आलं. मग तिला आलं. पंच फोटोसाठी ओरडत होते आणि आम्हाला सरळ उभं राहता येईना.

१३ ऑक्टोबर

सकाळी सुमिएचा फोन. नमस्कार-बिमस्कार काही नाही.

"मार्चमध्ये न्हाणीघरात पडले होते मी. कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे दोनदाच झालं."

आणि ठेवला. खरं की माझ्यासाठी रचलेलं — मी विचारणार नाही.