समोर नाही, शेजारी

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
वेलांटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून देता देता तुझा डावा कान कामातून गेला आणि उजवाही रुसला, म्हणून आपण पत्रं लिहितो. वाईट वाटतं, पण खरं सांगू का, मला पत्रंच आवडतात. फोनवर तू नुसती हॅलो-हॅलो करत बसतेस. पत्रातून निदान तुझे टोमणे तरी नीट पोचतात.

आमचं प्रशिक्षण सुरू झालं. अठरा कार्यकर्त्या आहेत. आजवर या बायका घरोघरी जाऊन बाळांची वजनं घ्यायच्या, लशींच्या तारखा सांगायच्या. आता त्यांना मी शिकवते आहे की एखादं माणूस आतून खचलंय हे कसं ओळखायचं, त्याला कसं विचारायचं, त्याचं कसं ऐकायचं आणि डॉक्टरांपर्यंत कसं न्यायचं. आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर एक खोली मिळालीये. घडीच्या खुर्च्या उघडताना बोटं चावतात, आणि पंखा फक्त भिंतीला वारा घालतो. पण आत्या, अठरा वह्या उघडून अठरा जणी माझ्याकडे बघतात तेव्हा मला वाटतं, याचसाठी शिकले.

पहिल्या दिवशी फळ्यावर मी मोठ्या अक्षरात "ठीक आहे" असं लिहिलं आणि सांगितलं की हे उत्तर नाही, हे लावलेलं दार आहे, पुन्हा ठोठावायचं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मलाच माझं कौतुक वाटलं.

एक मात्र डोकेदुखी आहे. कार्यकर्ती होण्याआधी इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत. वर्गाने त्यांचं नाव सल्लागार मावशी ठेवलंय. सरावात समोरची म्हणाली की झोप येत नाही, तर या म्हणाल्या की दुपारी झोपत असशील, मग रात्री कशी येणार! दहा मिनिटं सल्ला न देता ऐकायचं होतं; दुसऱ्या मिनिटाला फुटल्या. शिवाय पुस्तिकेत लिहिलंय की समोर बसावं, डोळ्यांत पाहावं, आणि या खिडकीबाहेर बघतात. दहापैकी चार दिले. २८ तारखेच्या परीक्षेत त्या काही पास होत नाहीत.

आता माझी तक्रार. पाकिटावरचा पत्ता नेहमी बाबा घालतात. त्यांचं वळणदार अक्षर बघून पोस्टमन विचारायचा की दर महिन्याला तुमच्याकडे लग्नपत्रिका येते का? गेली तीन पाकिटं तुझ्या मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात आली. आत त्यांच्या दोन ओळीही नव्हत्या. दारावर स्वतःच्या नावाहून मोठ्या अक्षरात माझी पदवी रंगवणारा माणूस माझ्यावर रुसलाय का? विचारून कळव.

लोभ आहेच, सोबत टोमणेही येऊ देत.

तुझी वेलांटी

---

ता. ११ मार्च

चि. वेलांटीस अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. माझ्या अक्षराला मुंग्या म्हणतेस? तुला पहिली बाराखडी या मुंग्यांनीच शिकवली. तेव्हा तू पाय पोटाशी घेऊन अशी काही झोपायचीस की तुझ्या बाबाने तुझं नावच वेलांटी ठेवलं.

पेंटरसाहेब तुझ्यावर रुसलेले नाहीत. तुला कळवू नको अशी त्याने मला शपथ घातली होती, तुझी पहिलीच तुकडी आहे म्हणून. पण तू दार ठोठावतेस, तर सांगते. त्याचा उजवा हात हल्ली थरथरतो. जानेवारीत दातांच्या डॉक्टरांची पाटी रंगवली तर शिरोरेघ वाकडी आली. डॉक्टर हसून म्हणाले की पेंटर, तुमच्या अक्षरांनाच दातदुखी झालेली दिसते. ते बिचारे गमतीत बोलले. तुझा बाबाही हसला. घरी आला, हात धुतले, आणि त्यानंतर ब्रशला हात लावलेला नाही. पत्ताही घालत नाही.

पण काळजी नको. रिकामपणी माणूस उदार झालाय बघ! आयुष्यात ज्या ब्रशांना मला झटकायलाही हात लावू दिला नाही, ते एकेक वाटून टाकतोय. लांब केसांचा, शिरोरेघेचा ब्रश शेजारच्या चांभाराला दिला, चपलांना डिंक लावायला. रंगांचे डबे शाळेला गेले. परवा माझ्यापुढे बँकेची आणि घराची कागदपत्रं ठेवून कुठलं काय आहे ते समजावून सांगत होता. मी म्हटलं, एवढी शिस्त तुला म्हातारपणी सुचली का? तर म्हणाला की नंतर कोणाची धावपळ नको. जेवण जरा कमी झालंय. बाकी विचारलं की ठीक आहे म्हणतो.

तुझ्या त्या सल्लागार बाईंना चार म्हणजे फारच कमी. तू लहानपणी सल्ल्याशिवाय अर्धं मिनिट राहिली नाहीस, तुला पदवी मिळाली की नाही?

जेवत जा. तुझ्यावरचा जीव शब्दांत मावत नाही, म्हणून इथेच थांबते.

आत्या

---

ता. १९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. माझं अचानक येणं, दोन दिवस तुम्हा दोघांना प्रश्न विचारून हैराण करणं आणि नंतर फणकाऱ्याने बस पकडणं, या सगळ्याबद्दल आधी माफी मागते.

तुझं पत्र मी मधल्या सुट्टीत वाचलं. त्याच सकाळी वर्गाला शिकवलं होतं की जिवापाड जपलेल्या वस्तू कोणी वाटायला लागलं, मागची आवराआवर करायला लागलं, तर ते औदार्य समजू नका. जवळ जा आणि विचारा. फळ्यावरचं अक्षर अजून पुसलंही नव्हतं. म्हणून तशीच निघाले.

तू ओट्याशी होतीस, तुला ऐकू गेलं नसेल. मी बाबांसमोर खुर्ची ओढून बसले, डोळ्यांत पाहिलं आणि पुस्तिकेतले नऊ प्रश्न एकामागून एक विचारले. झोप? ठीक. भूक? ठीक. मन? ठीक. आठव्या प्रश्नाला ते म्हणाले की तू मुलगी म्हणून आलीयेस की तपासणीस म्हणून? नववा प्रश्न माझ्या तोंडून निघालाच नाही. मरावंसं वाटतं का, हा एवढाच प्रश्न. मी वर्गाला ठासून सांगते की असं विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला मोकळं व्हायला वाट मिळते. आणि माझ्याच बापापुढे मी तो प्रश्न गिळला. मग मी सल्ले दिले. फिरायला गेलं पाहिजे, डॉक्टरांना दाखवलं पाहिजे, वेळेवर जेवलं पाहिजे. ते उठून आत गेले आणि आतूनच म्हणाले की तिकडे अठरा बाया खोळंबल्यात, तू जा.

चांभारकाका दिवसभर आपल्या पायरीवर काम घेऊन बसायला तयार झाले आणि तूही त्यांना एकटं सोडणार नाहीस म्हणालीस, म्हणूनच मी निघू शकले.

काल वर्गात मी सांगून टाकलं की हा प्रश्न मला स्वतःच्या घरात विचारता आला नाही. आणि सल्लागार मावशी म्हणाल्या की बाई, समोर कशाला बसलात? समोर बसलं की चौकीत बसल्यासारखं वाटतं. वीस वर्षं त्या इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या होत्या. बायका कपडे द्यायला यायच्या, बाजूला उभ्या राहायच्या, नजर इस्त्रीवर, आणि मनातलं सगळं बोलून जायच्या. तोंडाकडे कोणी बघत नव्हतं म्हणून. माणूस समोर बसून नाही बोलत, म्हणाल्या, शेजारी बसून बोलतं. उगाच का शेजाऱ्याला शेजारी म्हणतात!

आत्या, तीस वर्षं तू लोकांचे आवाज ऐकलेस, एकाचाही चेहरा न बघता. तू विचारशील का? हातात काहीतरी काम घे आणि शेजारी बस. फिरवून नको, सरळ विचार. हो म्हणाले तर घाबरू नकोस, रागावू नकोस, ऐकून घे आणि त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंकडे ने. त्यांच्याशी मी बोलून ठेवलंय. चांभारकाकांना सांग, ते मला लगेच फोन करतील.

माझ्याने झालं नाही ते तुझ्यावर सोपवते आहे. रागावू नकोस. तुझा लोभ हाच सध्या माझा आधार.

वेलांटी

---

ता. २५ मार्च

चि. वेलांटीस अनेक आशीर्वाद.

चांभाराने फोनवर तुला मोजकंच सांगितलं. बाकी आता लिहिते.

परवा दुपारी किलोभर वाटाणे घेऊन पायरीवर बसले आणि तुझ्या बाबाला म्हटलं, शेजारी बस, सोलू लाग. तो म्हणाला की हात थरथरतात. मी म्हटलं, मग बरंच आहे, वाटाणे आपोआप पडतील. बसला. अर्धं सूप सोलून झालं. चांभार पलीकडे टाच ठोकत होता.

मग मी शेंगांकडे बघतच विचारलं की तुला मरावंसं वाटतं का रे?

तो काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, काय? तो पुन्हा बोलला. हातोडीच्या आवाजात तेही गेलं. मी उजवा कान पुढे केला आणि म्हटलं, अरे, मोठ्याने बोल, माझा कान तुला माहीत नाही का?

वेलांटी, तिसऱ्यांदा त्याला ओरडूनच सांगावं लागलं. हो, रोज वाटतं.

हातोडी थांबली. तुझा बाबा स्वतःच्याच आवाजाने दचकला. दोन महिने जे तो स्वतःशीही हळू आवाजात बोलला असेल, ते भर दुपारी गल्लीला ऐकू गेलं. आणि मग तो रडायला लागला. तुझी आई गेली तेव्हाही रडला नव्हता इतका. मी सल्ला दिला नाही. तुझी आज्ञा म्हणून नाही, मला सुचलंच नाही. सोलत राहिले. चांभार उठून आला आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला बसला. त्यानेही एक शेंग उचलली.

नंतर तुझा बाबा खूप बोलला. अर्धं मला ऐकू आलं, अर्धं चांभाराला. दोघांचं मिळून पुरं झालं असावं. अक्षर हीच आपली ओळख, ती गेली तर आपण कोण, असं काहीसं होतं. शेवटी मला म्हणाला की बहिरी आहेस म्हणून बरं, नाहीतर पहिल्यांदा पुटपुटलो तेवढ्यावरच सुटलो असतो. आणि हसला गं. नाक पुसत हसला.

संध्याकाळी डॉक्टरबाईंकडे गेलो, तिघंही. त्या म्हणाल्या की आधी मनाचं बघू, हाताची तपासणीही करू, दोन्हींवर औषध आहे, वेळ मात्र लागेल. एकटं सोडायचं नाही, दर आठवड्याला दाखवायचं. माझ्या कानात तीन वेळा ओरडल्या.

इतके दिवस पत्रात मी "सर्व क्षेम" लिहीत आले. हात सवयीने लिहितो. आज लिहिलं नाही, बघ.

तुझ्या मावशीला माझा नमस्कार. जीव लावून असावं, आम्हीही आहोत.

आत्या

---

ता. ३० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला आज वेगळं पत्र लिहिते आहे. मी समोर बसले, याबद्दल माफ करा. मला तुमची भीती वाटली नव्हती, तुमच्या उत्तराची वाटली होती.

परीक्षा झाली. सल्लागार मावशी पास झाल्या, दहापैकी आठ. दोन गुण कापले कारण शेवटी न राहवून त्यांनी कॉफी कमी प्यायचा सल्ला दिलाच. आता खोलीतल्या खुर्च्या आम्ही समोरासमोर मांडत नाही, एका रांगेत मांडतो. पंखा अजूनही भिंतीलाच वारा घालतो. आणि फळ्यावर मी काही लिहिलं की शिरोरेघ उताराला लागते. वर्ग हसतो. मी सांगते की माझे वडील पेंटर आहेत, त्यांनी पाहिली तर कान धरतील.

तुम्ही काही लिहिलंच पाहिजे असं नाही. (आत्याने माझे "पाहिजे" मोजायला घेतलेत म्हणे.) फक्त मी इथे आहे, एवढं लक्षात असू द्या.

तुमचा लोभ मागत नाही, तो पहिल्यापासून माझ्याजवळच आहे.

वेलांटी

---

ता. ९ एप्रिल

चि. वेलांटीस अ. आ.

इकडील सर्व क्षेम असं लिहिलं होतं. तुझी आत्या खांद्यावरून वाचते. खोडायला लावलं. तर सर्व क्षेम नाही. सकाळी अजून वाईट असतात. दुपारी बऱ्या जातात. औषध घेतो. पहिल्या आठवड्यात रोज वाटायचं ते आता रोज वाटत नाही. वाटलं की आत्याला सांगतो. मोठ्याने सांगावं लागतं, त्यामुळे गल्लीलाही कळतं. लाज वाटायची. आता चांभार आतूनच विचारतो की आज काय?

त्याने ब्रश परत आणला. केसांत डिंक वाळला होता. दोन दिवस भिजवून सोडवला. शिरोरेघ त्या ब्रशाने आता येणार नाही, माझ्याच्यानेही नाही. डॉक्टरबाई म्हणतात की थरथर कमी होईल, जाणार नाही. शाळेतल्या पोरांना अक्षर कसं बसवायचं ते तोंडाने सांगायला बोलावलंय. बघू.

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. पाकिटावरचा पत्ताही मीच घालतो आहे. पोस्टमनला सांग की लग्नपत्रिका नाही, तुझ्या बापाचं पत्र आहे.

अक्षर फार वाकडं आलंय. वाचता नाही आलं तर ये. शेजारी बसून वाचून दाखवीन.

बाबा