चाळणीचा उतार

प्रिय दादा,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. हिला फोन असताना पत्र कुठून सुचलं, असं वहिनी म्हणेलच. तिला सांग, फोनवर आपण दोघं फार शहाण्यासारखं बोलतो. तब्येत कशी, कामं कशी, बरं ठेवतो आता. चार मिनिटांत खेळ खलास. आज मला तेवढ्यात आवरायचं नाहीये. दुकानाला सुट्टी आहे, हे जेवून आडवे झालेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्म्यांच्या ऑर्डरवहीतले मागचे कोरे कागद घेऊन बसले आहे. अक्षर बघून हसू नकोस. दिवसभर बिलांवर नंबर लिहून लिहून माझी अक्षरंही नंबरासारखी बारीक झाली आहेत.

तुला आठवतं, पहिली माउंटन बाइक आपण दोघांत मिळून एकच घेतली होती? दोघांचे पगार जोडून, तीसुद्धा जुनी. तू ताडमाड आणि मी ही एवढीशी, त्यामुळे रविवारी सकाळी निम्मा वेळ सीट वरखाली करण्यातच जायचा. टेकडीच्या पायथ्याशी तू पाना घेऊन वाकलेला आणि मी, आज माझी पाळी पहिली, म्हणून डोक्याशी उभी. मग तू वर्कशॉपच्या भंगारातून एकेक भाग गोळा करून दुसरी सायकल उभी केलीस. पुढचं चाक एका जातीचं, मागचं दुसऱ्या, हँडल तिसऱ्याच कुणाचं. जे मिळत नव्हतं ते तू जेवणाच्या सुट्टीत लेथवर कातून काढलंस. तिचं नाव तू 'खेचर' ठेवलंस आणि ती मला दिलीस. मी रुसले तेव्हा म्हणालास, "अगं, हिचा एकेक नट मी हाताने केलाय, त्या विकतच्या सायकलीचा मला काय भरवसा? तुझ्याखाली माझ्या भरवशाचंच वाहन हवं." तेव्हा मला वाटलं होतं, विकतची स्वतःला ठेवायला बरा बहाणा काढला! खरं काय ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

आणि मेट्रनबाई! बाबा इस्पितळात होते तेव्हा आई सतरा रात्री जिन्याखालच्या फरशीवर झोपली, पिशवी उशाला घेऊन. बाई तेव्हा वॉर्डाच्या मुख्य होत्या. नातेवाइकांना पांघरूण द्यायचा नियम नव्हता, म्हणून त्या आईला म्हणायच्या, "हे जरा सांभाळा हो, सकाळी परत घेते." बाबा घरी आले, पुढे सहा वर्षं राहिले, पण आईची कंबर त्या फरशीने कायमची धरली. म्हणून निवृत्तीनंतर बाईंनी इस्पितळासमोर नातेवाइकांसाठी निवास काढला आणि त्याच्या खर्चासाठी डोंगरातली सायकलफेरी सुरू केली, तेव्हा आपण दोघं नाव द्यायला पहिल्याच दिवशी हजर झालो. नियम एकच होता. प्रत्येक सायकलस्वाराने एका खाटेचा वर्षाचा खर्च गोळा करायचा, त्याशिवाय पाठीवरचा क्रमांक मिळणार नाही. फेरीच्या आधी महिनाभर आपण सगळे एकमेकांना नमस्कार करायचा सोडून "खाट झाली का?" एवढंच विचारायचो. "माझी अजून तीन पायांवर आहे," असं तो पोस्टमन म्हणायचा, आठवतं?

तुझी तर बहुतेक वर्षं दोन पायांवरच असायची. चढावर तू वाऱ्यासारखा, पण कुणापुढे हात पसरायचा म्हटलं की तुझी जीभ टाळ्याला चिकटायची. पहिल्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन तू वर्कशॉपच्या फाटकाशी पाऊण तास उभा राहिलास आणि एकच पावती फाडून आलास, तीही स्वतःच्या नावाची! मी मात्र तोंडाळ. चष्मा करायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांवर काचा चढवलेल्या असायच्या, त्याला पळायची सोय नसायची. तेवढ्यात मी खाटेचं सांगून टाकायचे. सुरुवातीला मी प्रत्येकाला आईची फरशीवरची झोप सांगायचे आणि सांगताना माझाच गळा दाटून यायचा. पुढे पुढे, दादा, गळा दाटायचा थांबला आणि गोष्ट मात्र तशीच राहिली. कुठल्या वाक्याला समोरचा खिशात हात घालतो, ते मला पाठ झालं. निवासाच्या दाराशी बाई फळा लावायच्या, कुणी किती खाटा केल्या त्याचा. चौथ्या वर्षी माझं नाव दुसरं होतं. पहिलं नव्हतं, याचं मला इतकं वाईट वाटलं की मी तुझ्याशीही धड बोलले नाही. तू खेचराच्या साखळीला तेल घालत बसलास.

पण फेरीचे दिवस किती सुंदर होते रे. पहाटेच्या थंडीत सगळे एकमेकांच्या टायरमधली हवा दाबून बघायचे. पहिला चढ संपला की तू मागे वळून ओरडायचास, "धाकटे, गिअर उतरव, गुडघे नंतरही लागणार आहेत!" खिंडीत केळी आणि लिंबूपाणी. आणि मग ती चाळण. गोट्यांसारखे सुटे दगड पसरलेला तो उतार. सायकल आणि दात दोन्ही चाळून निघतात, म्हणून तुम्ही लोकांनी ठेवलेलं नाव. पहिल्या वर्षी मी वरूनच रडायला लागले. तू सायकल टाकून दिलीस आणि माझ्या शेजारून तो अख्खा उतार पायी पळत आलास, "दगडाकडे नाही, वाटेकडे बघ, दगडाकडे बघितलंस तर दगडावरच जाशील." आपण शेवटून तिसरे आलो. इतका आनंद मला नंतर पहिल्या दहांत येऊनही झाला नाही.

पाचव्या वर्षाचं आपण कधी बोललोच नाही. नऊ वर्षं झाली. मी आता लिहिते, तू वाच.

ते रंगांच्या दुकानाचे मालक सुरुवातीच्या रेषेपाशी आले होते. गळ्यात दुर्बीण, भोवती दहा माणसं. माझी खाट तोवर झाली होती. तुझी व्हायला थोडी कमी होती, ती मीच माझ्यातून भरून दिली होती. म्हणजे त्या सकाळी कुणाचंही काहीही अडलेलं नव्हतं. ते सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुम्ही बोलता फार छान. साडेतीन तासांच्या आत येऊन दाखवा, दोन खाटा माझ्या. एक मिनिटही उशीर झाला तर नुसत्या शुभेच्छा." लोक हसले. तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "असल्या अटींवर घेऊ नये. खाट म्हणजे काय जत्रेतलं बक्षीस आहे?" मी म्हणाले, "पैसे कुठूनही आले तरी झोपणाऱ्याची पाठ टेकतेच ना?" तू माझ्या टायरमधली हवा दाबून बघितलीस. मग म्हणालास, "बरं. मी मागे राहतो, तू पुढे. दम राखून जा."

चाळणीच्या वर पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. मी आधी उतरले, तू माझ्या मागे. खाली ओढ्याकाठची सपाट वाट लागली आणि मी जीव खाऊन पायडल मारले. चार मिनिटं राखून पोचले. टाळ्या, फोटो, रंगवाल्यांनी स्वतः माझा हात वर धरला. तू येशील, येशील म्हणून मी रेषेकडे बघत होते. वीस मिनिटांनी पोस्टमन धापा टाकत आला आणि म्हणाला, तुमचे दादा उताराच्या मध्यावर पडलेत, उजवा हात गेलाय.

इस्पितळात तुझं मनगट बांधलेलं, कपाळाला टाके. मी आत आले आणि तू काही विचारायच्या आतच म्हणाले, "वारा किती होता रे, मागचं काहीच ऐकू आलं नाही." तू माझ्याकडे बघितलंस. वहिनी पाणी ओतत होती, ती थांबली. मग तू म्हणालास, "वाऱ्यात काय ऐकू येणार," आणि डोळे मिटलेस. मनगट पुढे कधी पूर्ण वळलंच नाही. सुताइतकं माप नुसत्या स्पर्शाने ओळखणारा तुझा हात लेथवरून उतरला. तू त्या दूरच्या गावी गोदामाची नोकरी धरलीस, वहिनीने नवं घर लावलं आणि आपण फोनवर शहाण्यासारखं बोलू लागलो. मी पुन्हा फेरीला गेले नाही. गुडघा दुखतो असं सगळ्यांना सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे.

आता यांच्या आजारपणाचं. मागच्या महिन्यात हे एकाएकी कोसळले, त्याच इस्पितळात अकरा दिवस होते. पहिल्या दिवशी मी बाकड्यावरच बसून राहिले. शेवटी परिचारिकेने माझ्या हातात चिठ्ठी दिली आणि समोर पाठवलं. दादा, मी त्या निवासाच्या खोल्यांमध्ये कधी पाऊलच ठेवलं नव्हतं, दारातल्या फळ्यापर्यंतच काय ती माझी धाव. आत शिरले तर स्वच्छ चादरी, खिडकीपाशी पाण्याचा माठ, दोरीवर वाळत घातलेले परक्या माणसांचे टॉवेल. दुपारी पाठ टेकली. शेजारच्या खाटेवर एक गवंडीकाम करणारी बाई होती, तिची लेक आत होती. ती माझ्या उशाची पत्र्याची पाटी एकेक अक्षर लावून वाचत होती. "सायकल चालवणाऱ्या बहीण-भावाकडून," वाचून म्हणाली, "दोघांनी मिळून दिल्यात बघ, तुझी पण आणि माझी पण. चांगलं घर असणार." खाली तेच साल होतं, रंगवाल्यांच्या पैशांच्या त्या दोन खाटा होत्या. पाटीवर काय लिहायचं ते मेट्रनबाईंनी ठरवलं होतं, मला न विचारता. बाईने मला विचारलं, "तुला आहे का भाऊ?" मी हो म्हणाले. "मग त्याला बोलाव की. एकटी कशाला धावतेस?"

 मी उठले आणि बाकड्यावर जाऊन बसले. पुढचे दहाही दिवस त्या खाटेला पाठ लावली नाही. हे घरी आले तेव्हा तुला फोन केला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तू चिडलास. "अकरा दिवस? मी मेलो होतो का? एक हाक मारायची होतीस, मी असेन तिथून आलो असतो." तू असशील तिथून आला असतास, यात मला तीळमात्र शंका नाही. तेच तर फोन ठेवल्यापासून मला बसू देत नाहीये.

परवा मेट्रनबाईंकडे गेले. त्या आता काठी घेऊन चालतात, पण फेरीची सगळी सूत्रं अजून त्यांच्याच हातात आहेत. तुला आजवर जे सांगितलं नाही ते त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला रडू दिलं. मग वही ओढून यंदाच्या नियमांत एक ओळ वाढवली, की वेळेच्या किंवा क्रमांकाच्या अटीवर कुणाची देणगी घ्यायची नाही. फळाही काढून टाकायचा म्हणाल्या. मला जरा हलकं वाटायला लागलं, तेवढ्यात चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ही माझ्या हातातली दुरुस्ती झाली. तुझी कधी करतेस? आणि मला सांगून झालं म्हणून सुटलीस असं समजू नकोस."

म्हणून हे पत्र, दादा. त्या दिवशी वारा नव्हता. एक पानही हलत नव्हतं. चाळण संपताना मागे दगडांवर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि मग तुझी हाक आली, "धाकटे!" मी ब्रेक दाबले, पाय टेकला. दुसरी हाक आली, ती पहिलीपेक्षा बारीक होती. मी मागे बघितलं नाही, घड्याळात बघितलं. मागून माणसं येतीलच, असं मनाशी म्हणाले आणि पाय उचलला. मला ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा. तुला हे तेव्हाच कळलं होतं असं मला वाटतं, आणि मला खोटं बोलत राहावं लागू नये म्हणून तू तो वारा कबूल केलास. आता नको करूस. येत्या शनिवारी सकाळच्या बसने मी एकटी येते आहे, अकरापर्यंत तुझ्या दारात असेन. वहिनीलाही हे पत्र वाचायला दे, तिचाही हक्क आहे. फोन करून 'असू दे गं' म्हणू नकोस, मी तो उचलणार नाही. रागवायचं असेल तर समोर बसवून मनसोक्त रागव, दार उघडायचं नसेल तर नको उघडूस. मी पायरीवर बसेन. संध्याकाळच्या बसपर्यंत मला कसलीही घाई नाही.

तुझीच,
धाकटी